वाचकांचे प्रश्न : आघाडीवर हाल, राजपुत्राच्या हाती प्याला

गेल्या अंकात जेम्स गिलरे (1756–1815) या लंडनच्या चित्रकाराच्या राजकीय व्यंगचित्रांवर टिपण होतं. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली ही सुटी चित्रं दुकानांच्या काचांमागे टांगली जात. युद्धकाळातल्या राजघराण्याच्या बेफिकिरीवर त्यांत भरपूर कोरडे ओढलेले आहेत. त्यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न आणि उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : ‘फटीग्ज ऑफ द कॅम्पेन इन फ्लँडर्स’ या चित्रात राजपुत्र बायकांच्या घोळक्यात दारू पीत बसला आहे. असं खरंच घडलं होतं की चित्रकाराने मनचं काढलं? – एक वाचक, सातारा

प्रसंग रचलेला आहे, पण माणूस आणि मोहीम खरी. फ्रान्सने 1 फेब्रुवारी 1793 रोजी ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारलं. महिनाअखेरीस राजाचे गार्ड्स, म्हणजे खास पलटणी, समुद्रापार फ्लँडर्सकडे (आजचा बेल्जियम आणि उत्तर फ्रान्सचा भाग) निघाले. त्यांचा सेनापती म्हणजे ब्रिटनचा राजा तिसरा जॉर्ज याचा दुसरा मुलगा फ्रेडरिक, ड्यूक ऑफ यॉर्क. वय 29. एवढ्या मोठ्या सैन्याची सूत्रं त्याच्या हाती आली ती राजाचा मुलगा म्हणून, हे लंडनमध्ये कोणापासून लपलेलं नव्हतं.

चित्रावरची तारीख पाहा : 20 मे 1793. त्याआधी बारा दिवस, 8 मे रोजी, रेमच्या जंगलाजवळच्या लढाईत कोल्डस्ट्रीम गार्ड्सची माणसं पडली होती. फामारचा विजय मात्र 23 मेचा, म्हणजे चित्र दुकानात लागल्यावर तीन दिवसांनी मिळालेला. हिवाळ्यातली ती भयंकर माघार, जिच्यात सैनिक थंडीने आणि तापाने रस्त्यावर मेले, ती तर 1794–95 मधली. तेव्हा हे चित्र म्हणजे आघाडीवरचं वार्तांकन नव्हे. लंडनच्या क्लबांत आणि कॉफीगृहांत जी कुजबूज चालली होती, तिला गिलरेने तोंडं आणि पोटं दिली.

पोटं हा शब्द मुद्दाम वापरला. या चित्राची सगळी मेख शरीरांच्या जाडीत आहे. गुबगुबीत ड्यूकने प्याला उंचावला आहे, त्याला खेटून तितक्याच भरल्या अंगाच्या फ्लेमिश बाया. आणि ‘पंच’ या दारूच्या पेयाची भलीमोठी भांडी घेऊन येणारे ब्रिटिश सैनिक पाहा : गालफडं बसलेली, अंगावर चिंध्या, पायांच्या काड्या. त्यांच्या हातात बंदूक नाही, वाढप्याचं भांडं आहे. वर नाव काय, तर ‘मोहिमेचा शीण’. शीण कोणाला आला, ते मथळ्यात सांगायची गरज राहत नाही.

गिऱ्हाइकाला ड्यूक ओळखण्यात अडचण नव्हती. 1791 मध्ये त्याने प्रशियाच्या राजकन्येशी लग्न केलं, तेव्हा तिच्या इवल्याशा पावलांचं वृत्तपत्रांनी इतकं कौतुक केलं की गिलरेने 24 जानेवारी 1792 च्या चित्रात नुसती पावलांची दोन जोडपी दाखवली : वर मोठे बूट, खाली चिमुकले जोडे. बाकी चित्र वाचकाने डोक्यात पुरं करायचं.

ड्यूकच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. रणांगणावर तो सुमार ठरला, 1794 च्या अखेरीस त्याला परत बोलावलं गेलं. पण पुढे सरसेनापती म्हणून सैन्याची भरती, बढत्या आणि अधिकाऱ्यांचं शिक्षण यांत त्याने जी सुधारणा केली, तिचा फायदा पुढे नेपोलियनला हरवणाऱ्या वेलिंग्टनला झाला. तरी 1809 मध्ये मेरी ॲन क्लार्क या त्याच्या माजी प्रेयसीने सैन्यातली पदं विकल्याचं प्रकरण पार्लमेंटात गाजलं, ड्यूकला राजीनामा द्यावा लागला आणि चित्रकारांना पुन्हा सुगी आली.

प्रश्न : खुद्द राजावर, म्हणजे तिसऱ्या जॉर्जवर अशी चित्रं निघाली का? – एक वाचक, नाशिक

ढिगाने. तो लेथवर बटणं कातत बसतो अशी त्याची ख्याती झाली होती, त्यामुळे ‘बटणवाला’ हे त्याचं टोपणनावच पडलं. अमेरिकेतलं युद्ध चालू असताना, 1779 च्या एका चित्रात राजा शिंपी झाला आहे आणि बटण मढवायला म्हणून कापड कापतो आहे. राज्य हातचं जातंय आणि याचं लक्ष बटणात, एवढंच सांगायचं होतं.

गिलरेचा राजा जास्त गुंतागुंतीचा आहे. 28 जुलै 1792 च्या चित्रात तो ठिगळ लावलेल्या विजारीत उकडलेलं अंडं खातो, राणी सॅलड तोंडात कोंबते, भिंतीवरच्या चौकटींत चित्रंच नाहीत. त्याची जोडी महिन्याच्या सुरुवातीला निघाली होती : थोरला मुलगा, प्रिन्स ऑफ वेल्स, बंडीची बटणं ताणलेली, काट्याने दात कोरतोय, खुर्चीखाली रिकाम्या बाटल्या. मागे न्याहाळलंत तर भरून सांडणाऱ्या मूत्रपात्राखाली न चुकवलेली बिलं दाबलेली दिसतील आणि मूळव्याधीच्या औषधाची डबीही. बापाची कंजुषी आणि पोराची उधळपट्टी, दोन्ही चित्रं शेजारी लावून बघायची असतात. तेव्हा युद्ध सुरू झालं नव्हतं. सुरू झाल्यावर, 1795 मध्ये, त्या पोराचं कर्ज सहा लाख तीस हजार पौंडांवर गेलेलं होतं आणि पार्लमेंटपुढे त्याच्या निवारणाचा विषय आला.

तेच वर्ष धान्यटंचाईचं. 29 ऑक्टोबर 1795 रोजी पार्लमेंटकडे निघालेल्या राजाच्या गाडीभोवती ‘युद्ध नको, भाकरी द्या’ असं ओरडत जमाव जमला, गाडीची काच फुटली. डिसेंबरात खासदारांनी घरात गहू एक तृतीयांशाने कमी वापरण्याची शपथ घेतली. त्याच महिन्याच्या 24 तारखेला गिलरेचं चित्र आलं : मंत्र्यांची मेजवानी, ताटात सोन्याच्या नाण्यांचे मासे, आणि खिडकीबाहेर भुकेलेली माणसं. पाव सोडला म्हणजे काय खातात, याचं चित्र. आमच्या मते बेफिकिरीवरचं त्याचं सगळ्यात बोचरं काम हेच. राजपुत्राच्या दारूवर हसणं सोपं होतं, इथे सगळं मंत्रिमंडळ पंगतीत बसलेलं आहे.

प्रश्न : राजाने गिलरेची रेखाटनं पाहून ‘ही व्यंगचित्रं मला समजत नाहीत’ म्हटलं, म्हणून गिलरेने सूड उगवला, असं वाचलं. खरं का? – एक वाचिका, पुणे

किस्सा झकास आहे, फक्त तारखा जुळत नाहीत. ते सूडाचं म्हणून दाखवलं जाणारं चित्र, ज्यात जॉर्ज मेणबत्तीच्या थोटक्याच्या उजेडात राजसत्ता उलथवणाऱ्या क्रॉमवेलचं लघुचित्र निरखतो, ते 18 जून 1792 चं आहे. राजाने जी रेखाटनं पाहिली म्हणतात, ती गिलरेने द लुथरबर्ग या चित्रकाराबरोबर फ्लँडर्सला जाऊन काढली होती. तो प्रवास 1793 च्या ऑगस्ट-सप्टेंबरातला, व्हॅलेन्सियनच्या वेढ्यानंतरचा. आधी सूड आणि मग अपमान, असं होत नाही. राजाचं ते वाक्य खरं असूही शकेल, सूडाची गोष्ट मात्र सोडून द्यावी.

प्रश्न : एवढं केल्यावर चित्रकाराला तुरुंगात का टाकलं नाही? – एक वाचक, सोलापूर

कायदा होता, पण चालवायला अवघड. चित्रावर बदनामीचा खटला भरायचा तर सरकारी वकिलाला भर न्यायालयात सांगावं लागे की हा लठ्ठ दारुडा म्हणजे राजपुत्र होय. ज्याची अब्रू वाचवायची, तिचा तपशीलवार पंचनामा स्वतःच करायचा! शिवाय 1792 च्या कायद्याने बदनामी झाली की नाही हे ठरवण्याचा अधिकार ज्यूरीला मिळाला आणि लंडनच्या ज्यूरीचा नेम नव्हता.

गिलरेला एकदा अटक झाली, जानेवारी 1796 मध्ये, पण राजकारणासाठी नव्हे. प्रिन्स ऑफ वेल्सच्या नवजात मुलीच्या दर्शनाचं चित्र बाळ येशूला पाहायला आलेल्या बायबलमधल्या ज्ञानी पुरुषांच्या कथेवर बेतलं म्हणून धर्मनिंदेचा आरोप आला, आणि प्रकरण पुढे गेलं नाही.

राजवाड्याला उपाय माहीत होता : पैसे. 1797 पासून गिलरेला सरकारकडून वर्षाला 200 पौंड मिळत होते आणि त्याच्या लेखणीचा रोख त्यानंतर विरोधकांकडे जास्त वळला, हे चित्रांच्या तारखा लावल्या की दिसतं. 1820 मध्ये जॉर्ज क्रुकशँक या पुढच्या पिढीतल्या व्यंगचित्रकाराला 100 पौंड दिले गेले, अट अशी की महाराजांना, म्हणजे आता चौथा जॉर्ज झालेल्या प्रिन्स ऑफ वेल्सला, कोणत्याही अनैतिक प्रसंगात चितारू नये. म्हणजे नैतिक प्रसंगात चालेल. पण तसे प्रसंग शोधायचे कुठून, ते पावतीत लिहिलेलं नाही.

गिऱ्हाईक कोण होतं, हेही ध्यानात घ्या. रंगीत प्रत दोन शिलिंगांच्या आसपास, मोठी असेल तर त्याहून बरीच महाग. मजुराला ती परवडत नव्हती. तो दुकानाच्या काचेबाहेर उभा राहून फुकट बघे. विकत घेणारे सरदार, वकील, खासदार, आणि खुद्द प्रिन्स ऑफ वेल्सही. पिकाडिलीतला दुकानदार फोर्स तर संध्याकाळच्या पार्ट्यांसाठी चित्रांच्या वह्या भाड्याने देत असे.

प्रश्न : मराठ्यांशी या चित्रांचा काही संबंध? – एक वाचक, मिरज

मिरजेहून हा प्रश्न यावा हे छान झालं. 6 डिसेंबर 1791 च्या गिलरेच्या एका चित्रात हिंदुस्थानातला इंग्रज गव्हर्नर-जनरल लॉर्ड कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणहून गाढवावरून पळतो आहे आणि तटावर उभा टिपू त्याच्यावर लघवी करतो आहे. नावात पावसाळ्याचा उल्लेख आहे : मान्सून आला, म्हणून माघार.

प्रसंगाचा गाभा खरा. 15 मे 1791 रोजी अरकेरेच्या लढाईत कॉर्नवॉलिस जिंकला, पण तोफा ओढणारे बैल मेले होते, दाणागोटा संपला होता आणि पाऊस कोसळत होता. वेढ्याच्या तोफा निकामी करून तो मागे फिरला. चित्रात नाही ते असं, की माघार सुरू होताच काही दिवसांत टिपूविरुद्ध इंग्रजांचे दोस्त असलेल्या मराठ्यांची, म्हणजे हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांची फौज येऊन मिळाली. मराठ्यांच्या लष्करी बाजारात धान्य होतं. भाव चढे होते खरे, पण इंग्रज फौज जगली ती त्यावर. लंडनच्या चित्रकाराला पटवर्धनांची गरज पडली नाही, कारण त्याचं गिऱ्हाईक कॉर्नवॉलिसवर हसायला आलं होतं.

प्रश्न : मी मुद्राचित्रणाची विद्यार्थिनी आहे. गिलरेसारखी रेषा तांब्यावर कशी आणायची? माझ्या रेषा एकसारख्या बारीक येतात. – एक वाचिका, कोल्हापूर

रेषा एकसारखी येते कारण तुम्ही सगळा पत्रा एकदाच आम्लात ठेवता. गिलरेच्या रेषेत जाडी-बारकी सुईने कमी आणि वेळेने जास्त येते. क्रम असा ठेवा.

पत्रा दीड मिलिमीटरचा, कडा चारही बाजूंनी 45 अंशांत कानशीने उतरवलेल्या, नाहीतर छापताना कागद आणि त्यावरचं लोकरीचं फेल्ट दोन्ही कापले जातात. मग तेल काढणं. खडूची पूड आणि थोडा अमोनिया यांनी घासून पाण्याखाली धरा. पाण्याचा थर न तुटता पसरला तर पत्रा तयार. थेंब गोळा झाले तर पुन्हा घासा. निम्म्या मुलांचे पत्रे इथेच बिघडतात : तेलाच्या डागावर ग्राउंड, म्हणजे आम्ल रोखणारा मेणाचा थर, धरत नाही, आम्ल खालून शिरतं आणि कोरीव भागाबाहेर पुरळासारखे खड्डे पडतात.

ग्राउंड म्हणजे मेण, डांबर-बिटुमेन आणि राळ, साधारण दोन-दोन-एक प्रमाणात. पत्रा गरम करून रोलरने पातळ थर द्या आणि मेणबत्त्यांच्या जुडीच्या काजळीने काळा करा. ज्योत फिरती ठेवा, एका जागी थांबलात तर मेण जळून तो ठिपका उठतो. सुईने तांबं फक्त उघडं करायचं, खोदायचं नाही.

गिलरेच्या काळी नायट्रिक आम्ल वापरत. तुम्ही वापरू नका, बंद खोलीत तर मुळीच नाही. 40 अंश बोमेचं (बोमे हे द्रावणाच्या दाटपणाचं माप) फेरिक क्लोराइड पुरे. पूड आणली असेल तर ती पाण्यात हळूहळू टाका, द्रावण तापतं. स्टीलच्या सिंकमध्ये ओतू नका, सिंक खाऊन टाकतं. पत्रा पालथा, कोपऱ्यांना टेकू देऊन ठेवा, म्हणजे रेषेत साचलेला गाळ खाली पडतो. उताणा ठेवला तर गाळ रेषा बुजवतो आणि ती उथळ राहते.

आता तुमच्या प्रश्नाचं मुख्य उत्तर. पंधरा मिनिटांनी पत्रा काढा, धुवा, वाळवा आणि सर्वांत फिक्या हव्या असलेल्या रेषांवर, म्हणजे लांबचे चेहरे, मागची इमारत, यांवर वॉर्निश लावा. पुन्हा अर्धा तास आम्लात. मग मधल्या छटा झाका. शेवटचा टप्पा, राजपुत्राचं पोट, बुटांच्या कडा, सावल्या, एकूण दीड तासापर्यंत जाऊ द्या. उन्हाळ्यात द्रावणाचं तापमान 35 अंश सेल्सियसवर गेलं की सगळे वेळ जवळजवळ निम्म्यावर येतात, म्हणून आधी त्याच तांब्याच्या पट्टीवर चाचणी घ्याच.

अक्षरं उलटी कोरायची असतात. गिलरे लहानपणी अक्षर-कोरक्याच्या हाताखाली शिकला होता, म्हणून त्याच्या चित्रांत बोलण्याचे फुगे आणि कागदपत्रं इतकी गच्च भरलेली आहेत. तुम्ही सरळ मजकूर ट्रेसिंग पेपरवर लिहून तो पालथा करा. देवनागरीत शिरोरेघ आधी ओढा, अक्षरं तिला टांगा. ओळ वाकत नाही.

छापताना कागद वीस-तीस मिनिटं भिजवून टिपकागदात दाबा. वर पाण्याची चमक दिसत असेल तर शाई धरणार नाही. शाई आधी मलमलीने आणि शेवटी तळहाताने पुसा.

प्रश्न : मुंबईत चोरबाजारातून ‘गिलरे’ म्हणून एक चित्र घेतलं. अस्सल कसं ओळखू? ते भिंतीवर लावलं तर चालेल का? – एक वाचक, ठाणे

आधी दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. छटांमध्ये एकसारख्या ओळींत ठिपके दिसले तर ते बऱ्याच नंतरच्या काळातलं छपाईयंत्राचं काम आहे, मग पुढे बघायचं कारण नाही. अस्सल एचिंगची, म्हणजे आम्लाने कोरलेल्या पत्र्यावरून छापलेली, रेषा बोटाला किंचित उंच लागते आणि चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दाब उमटलेला असतो. कडा कापून टाकलेल्या असतील तर हा पुरावा गेला.

कागद उजेडासमोर धरा. 1794 नंतरच्या इंग्रजी कागदात बहुधा जलचिन्हात सालही असतं, कारण निर्यातीवर कर परत मिळवण्यासाठी साल घालणं भाग होतं. जलचिन्ह 1810 चं आणि चित्राखाली तारीख 1793 ची, तर ती नंतर काढलेली प्रत आहे.

खालची प्रकाशनाची ओळ वाचा. हॉगार्थ या चित्रकाराच्या खटपटीने झालेल्या 1735 च्या कायद्यानुसार चित्रावरचा हक्क राखायचा तर प्रकाशकाचं नाव आणि तारीख त्यावर कोरावी लागे. गिलरेची मुख्य प्रकाशक हॅना हम्फ्री. 1793 मध्ये तिचं दुकान 18, ओल्ड बाँड स्ट्रीटला, मग 37, न्यू बाँड स्ट्रीट, आणि 1797 पासून 27, सेंट जेम्स स्ट्रीट. पत्ता आणि तारीख जुळत नसतील तर सावध व्हा.

बाजारात सर्वांत जास्त मिळतात त्या बोनच्या प्रती. हेन्री बोनने जुने पत्रे मिळवून 1851 च्या सुमारास ते पुन्हा छापले. जाड कागद, बहुतेकदा दोन्ही बाजूंना चित्र, वर उजव्या कोपऱ्यात क्रमांक, रंग नाही. या प्रती खऱ्या पत्र्यावरून निघालेल्या आहेत, तेव्हा बनावट म्हणता येत नाहीत, पण किमतीत पहिल्या प्रतीच्या जवळपासही जात नाहीत. काही विक्रेते त्यांना मागाहून रंग देतात. पाठीमागे दुसरं चित्र असेल आणि पुढचं रंगवलेलं, तर रंग नवा आहे असं धरून चाला.

भिंतीवर लावायचं तर बाहेरच्या भिंतीवर नको, पावसाळ्यात तीच ओल धरते. ऊन पडणारी जागाही नको. हाताने दिलेले जलरंग फार लवकर उडतात, म्हणून संग्रहालयं असल्या चित्रांवर 50 लक्सच्या वर प्रकाश पडू देत नाहीत. चित्र काचेला चिकटता कामा नये : आम्लरहित पुठ्ठ्याची चौकट मध्ये हवी. लॅमिनेशन कधीही नाही. पारदर्शक चिकटपट्टीही नाही, तिचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन कागदाच्या आरपार जातो. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्या गव्हाच्या खळीने लावून चित्र टांगतं ठेवा. आर्द्रता 50 टक्क्यांच्या आसपास असावी. ठाण्यात जुलैत ते जमणार नाही, म्हणून त्या दिवसांत चौकट उतरवून कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर आडवी ठेवा आणि दर पंधरवड्याला कसर लागली का ते बघा. तपकिरी ठिपके आधीच असतील तर घरी ब्लीच लावू नका, कागद ठिसूळ होतो. ते काम कागद-संवर्धकाचं.